सुगंधी मेणबत्ती निर्मिती

सुगंधी मेणबत्ती निर्मिती म्हणजे वितळलेल्या मेणात सुगंधी तेल मिसळून आणि योग्य जाडीची वात बसवून, जळताना सुवास देणारी मेणबत्ती तयार करण्याची कला होय. कारखान्यांबरोबरच घरगुती छंद म्हणूनही ती जोपासली जाते. साहित्य मोजके असते आणि स्वयंपाकघरातील साध्या उपकरणांवर काम भागते, त्यामुळे विद्यार्थी, गृहिणी व बचत गटांमध्ये हा छंद लोकप्रिय आहे. मात्र तापलेले मेण हा ज्वलनशील पदार्थ असल्याने तापमान, मात्रा आणि वात या तीन बाबींचे ज्ञान येथे आवश्यक ठरते. हे ज्ञान नसल्यास मेणबत्ती केवळ निकृष्ट होत नाही, तर घराला धोकादायकही ठरू शकते.

नाव व व्याख्या

‘मेणबत्ती’ हा ‘मेण’ आणि ‘बत्ती’ या दोन शब्दांचा समास आहे. ‘मेण’ हा शब्द मधमाश्यांचे मेण या अर्थाच्या ‘मदन’ या संस्कृत शब्दापासून प्राकृतमार्गे आला आहे. ‘बत्ती’चे मूळ ‘वर्ति’ म्हणजे वात या शब्दात आहे. संस्कृतात मेणाला ‘मधूच्छिष्ट’ असेही म्हणतात.

मेणाच्या एकूण वजनाच्या साधारण ३ ते १० टक्के सुगंधी द्रव्य मिसळलेल्या मेणबत्तीस व्यवहारात सुगंधी मेणबत्ती म्हटले जाते. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. काचेच्या, धातूच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात ओतलेली आणि त्यातच जळणारी ती पात्र-मेणबत्ती. साच्यात घालून बाहेर काढलेली व स्वतःच्या आधारावर उभी राहणारी ती स्तंभ-मेणबत्ती. घरगुती छंदात पहिला प्रकार अधिक प्रचलित आहे, कारण त्यात मऊ मेण चालते आणि सुगंधाचे प्रमाण जास्त ठेवता येते.

इतिहास

जागतिक

युरोपात अनेक शतके सर्वसामान्यांच्या मेणबत्त्या प्राण्यांच्या चरबीच्या असत. त्या धूर देत आणि त्यांना दुर्गंध येई. मधमाश्यांच्या मेणाच्या मेणबत्त्या स्वच्छ जळत. परंतु महाग असल्यामुळे त्या चर्च आणि श्रीमंतांच्या घरांपुरत्या मर्यादित राहिल्या. एकोणिसाव्या शतकात हे चित्र बदलले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी चरबीतील मेदाम्लांचा अभ्यास केला आणि १८२५ मध्ये गे-ल्युसॅक यांच्यासह स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्तीचे पेटंट घेतले. वेणीप्रमाणे विणलेली वात याच दशकात आली. १८३० मध्ये कार्ल फॉन रायशेनबाख यांनी पॅराफिन मेण वेगळे केले. जोसेफ मॉर्गन यांच्या १८३४ मधील यंत्रामुळे साच्यातून मेणबत्त्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन शक्य झाले.

इंग्लंडमधील शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये तरुण श्रोत्यांसाठी मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावर व्याख्याने दिली. ती १८६१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. विजेच्या दिव्यांनंतर प्रकाशाचे साधन म्हणून मेणबत्तीचे महत्त्व ओसरले. सजावट आणि सुवास हे तिचे नवे उपयोग ठरले. १९९० च्या दशकात सोयाबीन तेलापासून बनविलेले मेण बाजारात आले आणि घरगुती निर्मितीला त्याने मोठी चालना दिली.

भारत व महाराष्ट्र

भारतात घरगुती प्रकाशाचे परंपरागत साधन तेलाची पणती व समई हे होते. मेणाचा उपयोग प्रामुख्याने धातूच्या मूर्ती ओतण्यासाठी केला जाई. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाची प्रतिकृती घडवून तीवरून मूर्ती ओतण्याची पद्धत वर्णिलेली आहे. याच ग्रंथात राजाच्या उपभोगासाठी तयार करावयाच्या सुगंधी द्रव्यांचेही विवेचन येते.

सुगंधशास्त्राची स्वतंत्र परंपरा याहून जुनी आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय असून, मोजकी द्रव्ये वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून असंख्य गंध कसे सिद्ध होतात याचे गणित त्यात मांडले आहे. गंगाधरकृत ‘गंधसार’ आणि अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’ हे या विषयावरील दोन महत्त्वाचे ग्रंथ होत. त्यांपैकी ‘गंधवाद’ ग्रंथावर मराठी टीका उपलब्ध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. सुगंधी द्रव्ये सिद्ध करण्याच्या विद्येवर मराठीत लेखन झाले होते, याचा हा ठोस पुरावा आहे.

मेणबत्तीचा प्रसार कोकण किनारा आणि गोव्यात ख्रिस्ती समाजासह झाला. मुंबईत वांद्रे येथील माउंट मेरी बॅसिलिकाची जत्रा दरवर्षी सप्टेंबरमध्ये, ८ तारखेच्या मरियेच्या जन्मोत्सवाला जोडून भरते. नवस फेडण्यासाठी भाविक येथे हात, पाय, बाळ, घर अशा आकारांच्या मेणाच्या वस्तू अर्पण करतात. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकाच्या परिसरातही अशा वस्तू विकल्या जातात.

कार्यतत्त्व

मेणबत्तीचे इंधन मेण असले तरी घन किंवा द्रव अवस्थेतील मेण प्रत्यक्ष जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते, केशाकर्षणाने ते वातीतून वर चढते, तेथे त्याची वाफ होते आणि ही वाफ हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून जळते. ज्योतीचा पिवळा प्रकाश तापून लाल झालेल्या कार्बनच्या सूक्ष्म कणांमुळे येतो. हे कण पूर्ण जळाले नाहीत, तर त्यांचीच काजळी होते.

सुगंध पसरण्याची क्रिया मात्र ज्योतीत होत नाही. वातीभोवती वितळलेल्या मेणाचा जो उथळ थर तयार होतो, त्याच्या पृष्ठभागावरून सुगंधी रेणू बाष्परूपाने हवेत जातात. म्हणून हा थर जितका रुंद, तितका सुवास अधिक. न पेटविलेल्या मेणबत्तीला येणारा वास आणि पेटविल्यानंतर खोलीत दरवळणारा वास हे भिन्न गुण आहेत. एखादी मेणबत्ती हातात घेतल्यावर अतिशय सुवासिक वाटते, पण जळताना जवळजवळ निर्गंध राहते. याचे कारण बहुधा वात बारीक असणे किंवा सुगंधी तेल त्या मेणाशी न जुळणे हे असते.

साहित्य

मेण

घरगुती निर्मितीत पुढील मेणे वापरली जातात.

• पॅराफिन मेण: खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळते. प्रकारानुसार सुमारे ४६ ते ६८ अंश सेल्सिअसला वितळते. स्वस्त असून रंग व सुगंध चांगला धरते. भारतात आसाममधील दिगबोई व नुमालीगढ येथील तेलशुद्धीकरण कारखान्यांत त्याचे उत्पादन होते.

• सोया मेण: सोयाबीन तेलाचे हायड्रोजनीकरण करून तयार होते. पात्रासाठी असलेले प्रकार साधारण ४५ ते ५२ अंशांना वितळतात. ते सावकाश जळते. मात्र पृष्ठभागावर पांढरी नक्षी उमटण्याची प्रवृत्ती असते.

• मधमाश्यांचे मेण: ६२ ते ६४ अंशांना वितळते. मधासारखा स्वतःचा मंद वास असल्यामुळे सौम्य सुगंध त्यात झाकला जातो. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था मधुमक्षिकापालनाचे शिक्षण देते. महाबळेश्वरजवळील मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले.

• स्टिअरिक आम्ल: सुमारे ६९ अंशांना वितळते. पॅराफिनमध्ये थोड्या प्रमाणात मिसळल्यास मेणबत्ती कडक व अपारदर्शक होते.

• जेल: खनिज तेल व बहुवारिक यांचे पारदर्शक मिश्रण. नावात मेण नसले तरी दिवाळीच्या शोभेच्या दिव्यांत ते वापरले जाते. प्रत्येक सुगंधी तेल जेलमध्ये विरघळत नाही. न विरघळलेले तेल वेगळे होऊन पेट घेऊ शकते.

खोबरेल तेल सुमारे २४ अंशांनाच वितळते. म्हणून महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत ते एकटे मेणाचे काम करू शकत नाही.

वात

वात हा मेणबत्तीचा सर्वांत दुर्लक्षित पण सर्वांत निर्णायक घटक आहे. देवपूजेतील फुलवात किंवा लांबवात तेलाच्या दिव्यासाठी योग्य असली, तरी मेणबत्तीसाठी ती उपयोगी पडत नाही. साधी पिळलेली वात मेण वितळताच लवंडते, तिचे टोक जळून जात नाही आणि काजळी वाढते. मेणबत्तीची वात वेणीसारखी घट्ट विणलेली असते. विणीतील ताणामुळे तिचे टोक जळताना एका बाजूस वळते, ज्योतीच्या कडेच्या अतितप्त भागात येते आणि तेथे राख होऊन जाते. त्यामुळे वात आपोआप आखूड राहते.

वातीची जाडी भांड्याच्या आतील व्यासावरून ठरते. जाड वात मोठी ज्योत, काजळी व अति तापलेले भांडे देते. बारीक वात मेणात बुडून विझते. साधारण ९ ते १० सेंटिमीटरहून रुंद भांड्यात एकाऐवजी दोन किंवा तीन वाती बसविल्या जातात. पूर्वी काही वातींमध्ये ताठपणासाठी शिशाची तार असे. शिसे विषारी असल्यामुळे अमेरिकेत २००३ पासून अशा वातींवर बंदी आहे. आता कागद, कापूस किंवा जस्ताचा गाभा वापरतात.

सुगंधी द्रव्ये

सुगंधासाठी मुख्यत्वे दोन प्रकारची तेले वापरतात. पहिले मेणबत्तीसाठी खास बनविलेले फ्रॅग्रन्स ऑइल. त्यात कृत्रिम व नैसर्गिक सुगंधी रेणूंचे मिश्रण असते. दुसरे वनस्पतींपासून ऊर्ध्वपातनाने काढलेले बाष्पनशील तेल, म्हणजे इसेन्शियल ऑइल. गवती चहा, सिट्रोनेला, निलगिरी, लवंग व वाळा यांची तेले मेणात मिसळतात. मोगरा, चाफा, निशिगंध व रातराणी या महाराष्ट्रात आवडत्या फुलांचे अस्सल अर्क अतिशय महाग असतात. त्यामुळे त्या नावांच्या मेणबत्त्यांत बहुधा संयोजित सुगंध असतो.

नवशिक्यांकडून काही द्रव्ये चुकीने वापरली जातात. गुलाबजल व केवडाजल पाण्यात असल्यामुळे मेणात मिसळत नाहीत. पाण्याचे थेंब ज्योतीजवळ तडतडतात. अंगाला लावण्याच्या स्प्रेमधील अल्कोहोल तापलेल्या मेणात पेट घेऊ शकते. कापूर अत्यंत ज्वलनशील असल्याने तो मेणात घालू नये. सुकी फुले, दालचिनीच्या काड्या किंवा कॉफीच्या बिया मेणबत्तीच्या पृष्ठभागावर मांडल्यास त्या दुसऱ्या वातीप्रमाणे पेटतात. विक्रीसाठीच्या छायाचित्रांत आकर्षक दिसणारी ही सजावट आगीचे कारण ठरू शकते.

रंग

मेणासाठी तेलात विरघळणारे रंग लागतात. खाण्याचे द्रवरूप रंग पाण्यावर आधारलेले असल्याने तळाशी साचतात. हळद, कुंकू किंवा खडूंची पूड मेणात विरघळत नाही. तिचे कण वातीची छिद्रे बुजवितात आणि ज्योत मंदावते. व्हॅनिलिन असलेल्या सुगंधांमुळे पांढरे मेण कालांतराने तपकिरी पडते. हा दोष नसून रासायनिक गुणधर्म आहे.

पात्र

भांडे उष्णता सहन करणारे, गळती नसलेले, स्थिर बुडाचे आणि न जळणारे असावे लागते. पाणी पिण्याचे पातळ काचेचे पेले अचानक तापल्याने तडकू शकतात. नारळाची करवंटी दिसावयास सुंदर असली, तरी स्वतः ज्वलनशील आहे. बिनचकाकीची मातीची पणती सच्छिद्र असल्यामुळे मेण शोषते. असे मेण भिनलेले मातीचे भांडे काठावर पेट घेऊ शकते. स्टीलची वाटी फुटत नाही. परंतु लवकर तापते, म्हणून तिच्याखाली चकती ठेवावी लागते.

मात्रेचे गणित

मेण व सुगंधी तेल नेहमी वजनाने मोजतात, चमच्याने किंवा थेंबांनी नव्हे. कारण तेलांची घनता सारखी नसते. सुगंधाचे प्रमाण मेणाच्या वजनाच्या टक्केवारीत सांगितले जाते. १००० ग्रॅम मेणास ८ टक्के म्हणजे ८० ग्रॅम तेल.

भांड्यासाठी लागणारे मेण काढण्याची पद्धत सोपी आहे. भांड्यात हव्या त्या रेषेपर्यंत पाणी भरून त्याचे वजन करतात व त्यास सुमारे ०.९ ने गुणतात, कारण मेण पाण्याहून हलके असते. उदाहरणार्थ, एका भांड्यात १६० ग्रॅम पाणी मावत असेल, तर १४४ ग्रॅम मिश्रण लागेल. अशा ६ भांड्यांना ८६४ ग्रॅम मिश्रण हवे. सुगंध ६ टक्के ठेवायचा असल्यास ८६४ ला १.०६ ने भागून मेण ८१५ ग्रॅम आणि तेल ४९ ग्रॅम येते.

अधिक तेल घातल्याने सुवास वाढतोच असे नाही. प्रत्येक मेणाची तेल धरून ठेवण्याची मर्यादा असते. ती ओलांडल्यास तेल पृष्ठभागावर घामासारखे सुटते, वात तुंबते आणि सुटलेले तेल पेट घेण्याची शक्यता निर्माण होते.

कृती

१. भांडे धुऊन पूर्ण कोरडे केले जाते. वातीच्या खालच्या टोकाची धातूची चकती भांड्याच्या तळाशी मध्यभागी उष्णतारोधक गोंदाने चिकटवितात.

२. मेण थेट आचेवर न ठेवता पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे बसवून वितळवितात. पाण्याचे तापमान १०० अंशांपलीकडे जात नसल्याने मेण बेसुमार तापण्याचा धोका कमी होतो. पातेल्यातील पाणी आटणार नाही याकडे लक्ष ठेवावे लागते.

३. रंग हवा असल्यास तो पूर्ण वितळलेल्या मेणात मिसळतात.

४. आच बंद करून तापमापीने तापमान पाहिले जाते. सोया मेणात साधारणतः ७५ ते ८५ अंशांच्या दरम्यान सुगंधी तेल घालतात आणि सुमारे २ मिनिटे सावकाश ढवळतात. जोराने ढवळल्यास हवेचे बुडबुडे अडकतात.

५. मिश्रण थोडे निवू देऊन, सोया मेण असल्यास ५५ ते ६५ अंशांच्या सुमारास, भांड्यात सावकाश ओततात. नेमके तापमान मेणाच्या प्रकारानुसार बदलते. उत्पादकाने दिलेली सूचना येथे प्रमाण मानली जाते.

६. वात मध्यभागी ताठ राहावी म्हणून भांड्यावर आडव्या काडीला ती अडकवितात.

७. मेणबत्ती पंखा व वाऱ्यापासून दूर, सामान्य तापमानाला गोठू देतात. फ्रिजमध्ये ठेवल्यास मेण भांड्याच्या कडेपासून सुटते व तडे जातात.

८. गोठल्यावर वात सुमारे ५ ते ६ मिलिमीटर ठेवून कापतात.

९. झाकण लावून मेणबत्ती मुरवत ठेवतात. पॅराफिनला २ ते ३ दिवस पुरतात. सोया मेणाला १ ते २ आठवडे दिले जातात. या काळात मेणाची स्फटिकरचना स्थिरावते आणि जळताना सुवास अधिक समप्रमाणात येतो.

चाचणी

तयार मेणबत्ती कुणाला देण्यापूर्वी तिच्यासारखीच एक मेणबत्ती अखेरपर्यंत जाळून पाहणे हा छंदातील आवश्यक शिस्तीचा भाग मानला जातो. दर वेळी जास्तीत जास्त ४ तास जाळून ज्योतीची उंची, काजळी, वितळलेल्या मेणाची रुंदी व भांड्याचे तापणे यांची नोंद ठेवतात. मेण, तेल, रंग, वात किंवा भांडे यांपैकी एक जरी बदलले, तरी चाचणी पुन्हा करावी लागते. कारण एका सुगंधासाठी योग्य ठरलेली वात दुसऱ्यास अपुरी पडू शकते.

हवामान व स्थानिक साधने

मराठवाड्यात उन्हाळ्यात कमाल तापमान ४० अंशांपलीकडे जाते. पात्रासाठीचे मऊ मेण अशा वेळी खोलीतच लिबलिबीत होते, तेल सुटते आणि बंद वाहनातून नेताना मेण पूर्ण वितळूही शकते. म्हणून या भागात उन्हाळ्यात अधिक वितळणबिंदूचे मेण किंवा मऊ व कडक मेणांचे मिश्रण सोयीचे पडते, तसेच काम पहाटे किंवा सायंकाळी करणे हितावह असते. हिवाळ्याच्या थंड रात्री नेमके उलट घडते: भांडे थंड असल्यामुळे मेण कडेला आधी गोठते आणि मध्यभागी खड्डा पडतो. ओतण्यापूर्वी भांडे किंचित कोमट केल्यास हा दोष कमी होतो. पावसाळ्यात भांडे किंवा वात दमट राहिल्यास ज्योत तडतडते.

मेणबत्तीच्या घटकांचा शेतीशी निकटचा संबंध आहे. बीड जिल्ह्यात कापूस, सोयाबीन व ऊस ही तिन्ही पिके घेतली जातात. कापसापासून वात होते, सोयाबीन तेलापासून मेण होते आणि उसाच्या कांड्यांवर दिसणारा पांढुरका थरही एक प्रकारचे मेणच असते. जिल्ह्यातील तेलगाव येथे लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्यांत रस गाळून उरणाऱ्या प्रेसमडमध्ये हे उसाचे मेण येते. ते सुमारे ७५ ते ८० अंशांना वितळणारे कडक मेण असून, द्रावकांच्या साहाय्याने औद्योगिक प्रक्रियेतच वेगळे करता येते. शेतातील सोयाबीनपासून घरी मेण बनविणेही शक्य नसते, कारण हायड्रोजनीकरणास उच्च दाब, हायड्रोजन वायू व उत्प्रेरक लागतो. त्यामुळे कच्चा माल परिसरात पिकत असला, तरी घरगुती निर्मात्यास तयार मेण विकतच घ्यावे लागते.

सामान्य दोष

• बोगदा पडणे: वातीभोवतीच मेण जळून कडेला भिंत उरते. वात बारीक असणे किंवा पहिल्या वेळी मेणबत्ती लवकर विझविणे ही कारणे असतात. पहिल्या ज्वलनात वितळलेला थर कडेपर्यंत पोहोचू द्यावा लागतो. भांड्याच्या व्यासाच्या दर अडीच सेंटिमीटरला साधारण एक तास असा अंदाज धरतात.

• पांढरी नक्षी: सोया मेणातील स्फटिकांमुळे दिसते, ज्वलनावर परिणाम होत नाही.

• ओले डाग: मेण आकसून काचेपासून सुटल्याने काचेवर ओलसर ठिपके भासतात.

• खड्डा किंवा पोकळी: मेण गोठताना आकुंचन पावल्याने होते. थोडे मेण राखून ठेवून दुसऱ्यांदा ओतल्यास भरून निघते.

• वातीवर छत्री: टोकावर कार्बनचा गोळा साचतो. वात जाड असणे, न कापणे किंवा तेल जास्त असणे यामुळे होते.

सुरक्षितता

मेण प्रमाणाबाहेर तापल्यास त्यातून वाफ निघू लागते व ती पेट घेते. मेण पेटल्यास त्यावर पाणी टाकणे सर्वांत घातक असते. पाणी मेणाहून जड असल्यामुळे खाली जाते, क्षणार्धात त्याची वाफ होते आणि जळते मेण सर्वत्र उडते. अशा वेळी आच बंद करून भांड्यावर धातूचे झाकण ठेवणे व हवा तोडणे हा योग्य उपाय होय. भांडे उचलून बाहेर नेण्याचा प्रयत्न करू नये. आग आटोक्यात येत नसल्यास घराबाहेर पडून १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. अंगावर गरम मेण सांडल्यास भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरतात. त्वचेला चिकटलेले मेण ओढून काढू नये. उरलेले मेण मोरीत ओतल्यास ते नळीत गोठून मार्ग बंद करते.

पेटविलेली मेणबत्ती पडदे, कागद, लहान मुले व पाळीव प्राणी यांपासून दूर ठेवावी आणि एकटी सोडू नये. तळाशी सुमारे १ सेंटिमीटर मेण उरल्यावर ती वापरणे थांबवितात, कारण त्यानंतर ज्योतीची उष्णता थेट भांड्याच्या बुडास लागते.

घरगुती छंद आणि औद्योगिक उत्पादन यांतील धोके भिन्न असतात. ८ डिसेंबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावल्या जाणाऱ्या ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागून किमान सहा जणांचा मृत्यू झाला; पुढे उपचारांदरम्यान मृतांची संख्या वाढली. अशा मेणबत्त्यांत मेणाऐवजी फटाक्यांप्रमाणे स्फोटक द्रव्य असते. त्यामुळे नाव मेणबत्ती असले, तरी त्यांची निर्मिती घरी किंवा दाट वस्तीतील खोल्यांत करणे जीवघेणे आहे.

आरोग्य

कोणत्याही ज्वलनाप्रमाणे मेणबत्तीतूनही सूक्ष्म कण व बाष्पनशील सेंद्रिय संयुगे बाहेर पडतात. वात आखूड ठेवणे, वाऱ्याचा झोत टाळणे आणि खोलीत हवा खेळती ठेवणे यांनी त्यांचे प्रमाण कमी राहते. दमा किंवा सुगंधाची ॲलर्जी असलेल्या व्यक्तींना तीव्र वासाचा त्रास होऊ शकतो. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक असा समज चुकीचा आहे. अनेक वनस्पतिजन्य तेलांत ॲलर्जी निर्माण करणारे घटक असतात आणि काही तेले मांजरांना अपायकारक असतात. आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना सुगंधी घटकांच्या वापराची मानके प्रसिद्ध करते आणि त्यांत मेणबत्त्यांचाही समावेश होतो. सोया मेण काजळी मुळीच करत नाही, हा जाहिरातीतील दावा वस्तुस्थितीला धरून नाही. काजळी मेणाइतकीच वात व सुगंधाच्या प्रमाणावर अवलंबून असते.

छंदापासून गृहउद्योगाकडे

महाराष्ट्रातील शाळांमध्ये कार्यानुभव विषयांतर्गत मेणबत्त्या तयार करण्याचा उपक्रम घेतला जातो. अनेकांची या कलेशी पहिली ओळख तेथेच होते. राज्यात बचत गटांना महिला आर्थिक विकास महामंडळ (स्थापना १९७५) आणि ‘उमेद’ या नावाने ओळखले जाणारे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान यांचे पाठबळ मिळते. गटांनी बनविलेल्या वस्तू महालक्ष्मी सरस प्रदर्शनात विक्रीस येतात.

महाबळेश्वर येथील भावेश भाटिया यांचे उदाहरण या क्षेत्रात विशेष प्रसिद्ध आहे. दृष्टी गमावल्यानंतर त्यांनी मुंबईतील राष्ट्रीय अंध संघ या संस्थेत मेणबत्ती निर्मितीचे प्रशिक्षण घेतले, महाबळेश्वरच्या बाजारात हातगाडीवर मेणबत्त्या विकल्या आणि पुढे ‘सनराइज कँडल्स’ हा उद्योग उभारला. साधी, रंगीत, शोभेची व सुगंधी अशा विविध मेणबत्त्या तेथे बनतात आणि अनेक दृष्टिहीन व्यक्तींना त्यातून रोजगार मिळाला आहे. मेणाचा स्पर्श, साच्याचा आकार आणि सुगंधातील फरक ओळखणे यांत दृष्टीपेक्षा इतर इंद्रियांचा वाटा मोठा असल्याने ही कला दृष्टिहीनांसाठी व्यवसाय-शिक्षणाचा विषय ठरली आहे.

भारतात मेणबत्ती निर्मिती दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव होती. एप्रिल २०१५ मध्ये राखीव यादीतील अखेरच्या २० वस्तू वगळण्यात आल्या, त्यांत मेणबत्त्यांचाही समावेश होता. तेव्हापासून लहान उत्पादकांना मोठ्या कंपन्यांशी थेट स्पर्धा करावी लागते. घरी बनविलेली वेष्टित मेणबत्ती विकताना वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, निर्मितीचा महिना व वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत वेष्टनावर छापणे बंधनकारक असते.

किंमत ठरविताना केवळ मेण व तेलाचा खर्च धरल्यास व्यवसाय तोट्यात जातो. भांडे, वात, वेष्टन, चाचणीत जाळलेल्या मेणबत्त्या, वाहतुकीत फुटलेली काच आणि स्वतःच्या श्रमाचे मोल यांचा त्यात समावेश करावा लागतो. पात्र-मेणबत्तीत बहुधा भांडे व सुगंधी तेल हेच सर्वांत खर्चिक घटक असतात. मागणी मुख्यत्वे दिवाळी, नाताळ व लग्नसराईत एकवटलेली असते. सोया मेण मुरण्यास लागणारा काळ लक्षात घेता दिवाळीचा माल किमान तीन ते चार आठवडे आधी तयार करावा लागतो.

हेही पाहा

• पणती
• समई
• अत्तर
• उदबत्ती
• मधुमक्षिकापालन
• सोयाबीन
• बचत गट